काशीतली तोकबोक्की

तोकबोक्की जमली की नाही हे तिखटावरून ठरत नाही, दाताखाली ठरतं. तांदळाच्या पिठाच्या त्या बोटभर कांड्या चावल्या की आधी दबतात, मग दाताला जरा मागे ढकलतात आणि मगच तुटतात. ते ढकलणं नसेल तर वरून कितीही लालभडक रस ओता, कोरियन माणूस दोन घास खाऊन वाटी बाजूला ठेवतो. तोंडाने काही म्हणत नाही. उठताना कमरेत वाकून आभारही मानतो. पण वाटी अर्धी भरलेली परत येते. बंगाली टोल्यातून पांडेघाटाकडे उतरणाऱ्या एका गल्लीत मी बरीच वर्षं कोरियन खाणं रांधलं, आणि या धंद्यात मला सगळ्यांत जास्त शिकवलं ते परत आलेल्या वाट्यांनी.

आम्ही काशीतले मराठी. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा या भागात पेशवाईपासून मराठी घरं आहेत. आमच्या घरी महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंना उतरवून घ्यायचं, त्यांना दोन वेळचं मराठी जेवण घालायचं, ही वहिवाट. परक्या गावात आलेल्या माणसाला पहिल्या घासाला काय हवं असतं, हे मी आजीच्या हाताखाली पाहिलं होतं. नाशिकचा असो की नागपूरचा, तो गंगेवरून भिजून आला की त्याला मऊ भात, वरण आणि लिंबाची फोड हवी असायची. पुढे हॉटेलं वाढली, यात्रेकरू घरी उतरेनासे झाले. मग नवऱ्याच्या ओळखीतल्या एका गेस्ट हाउसच्या गच्चीवरचं स्वयंपाकघर मी चालवायला घेतलं. तिथे उतरणारी निम्मी मुलं कोरियाची होती.

कोरियन मुलं काशीत एवढी का, याचं बाहेरच्यांना नवल वाटतं. यामागे पुस्तकं आहेत. र्यू शि-ह्वा या कवीचं भारतप्रवासावरचं पुस्तक १९९७ साली तिकडे आलं आणि खूप वाचलं गेलं. ते वाचून निघालेली मुलं मी पाहिली आहेत. शिवाय त्यांच्या कॉलेजांना हिवाळ्यात लांबलचक सुटी असते, आणि काशीचे चांगले दिवसही तेच. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात बंगाली टोल्यातल्या पाट्या कोरियन लिपीत दिसायच्या, नावाडी कोरियनमध्ये घासाघीस करायचे, लस्सीवाल्यांच्या भिंतींवर त्यांच्या चिठ्ठ्या चिकटलेल्या असायच्या. आणि खरं तर ही वाट फार जुनी आहे. ह्येचो नावाचा सिल्ला राज्यातला भिक्षू आठव्या शतकात भारतात फिरला, वाराणसीलाही येऊन गेला. त्याच्या प्रवासवर्णनाचं हस्तलिखित १९०८ साली दुनह्वांगच्या गुहेत सापडलं. आज ते पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे.

सुरुवातीला आमच्या पाटीवर कोरियन असं काहीच नव्हतं. एक मुलगी तापाने आणि पोटाने आडवी झाली होती. तिला मी आजीच्या पद्धतीने मऊ भात दिला. तिने खाल्ला, आणि दोन दिवसांनी बरी झाल्यावर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. तिच्याकडे असा भात करताना भिजवलेले तांदूळ आधी तिळाच्या तेलावर परततात, मग पाणी घालून ढवळत राहतात. तिने तो करून दाखवला. माझं तिळाचं तेल हुंगून मात्र मान हलवली. आपल्याकडचं तेल कच्च्या तिळाचं, त्यांचं आधी भाजलेल्या तिळाचं. रंगाला तपकिरी आणि वासाला इतकं तीव्र की थेंबभर पुरे. त्या दिवसापासून मी तीळ गडद भाजून, कुटून, तेलात मुरवून ठेवायला लागले. अगदी तसं होत नाही, पण किम्बापची, म्हणजे समुद्री पानात गुंडाळलेल्या भात-भाजीची, गुंडाळी कापताना जो वास दरवळायला हवा तो बराचसा येतो.

इथून मला या कामाचा पहिला धडा मिळाला. परक्याचा पदार्थ करताना पन्नास गोष्टी मिळत नाहीत. त्यातल्या कोणत्या सोडल्या तरी चालतात आणि कोणती सोडली की पदार्थच उरत नाही, हे ओळखायला हवं. किम्बापमध्ये भाजी कुठलीही चालते. वास सोडता येत नाही. तोकबोक्कीत मासे नसले तरी चालतात. चिवटपणा सोडता येत नाही.

चिवटपणासाठी मी खूप धडपडले. पहिल्या कांड्या मी मोदकाच्या उकडीच्याच केल्या होत्या. उकड ही आपल्या हातातली गोष्ट, म्हणून. उकळत्या पाण्यात पिठी घातली, वाफ आणली, मळून मळून मऊ केली, वळली. दिसायला सुरेख झाल्या, पण रसात पडल्या की कडा विरघळायच्या आणि चावताना भसकन तुटायच्या. मोदकाची पारी तोंडात विरघळावी म्हणूनच आपण उकड तशी करतो. इथे नेमकं उलट हवं होतं. रहस्य कळलं ते वळण्यात नव्हतं, दळण्यात होतं. कोरियात तांदूळ रात्रभर भिजवतात, निथळून ओले असतानाच दळतात, ते दमट पीठ कापडात वाफवतात आणि मग गरम असतानाच कुटतात. कुटून कुटून तो गोळा लवचिक होतो. हे ऐकलं आणि मला आजीचे अनारसे आठवले. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, धोतरावर पसरायचे आणि पुरते वाळू न देता कुटून चाळायचे. दमट पिठाचा स्पर्श माझ्या हाताला लहानपणापासून ठाऊक होता. तो तोकबोक्कीच्या कामी येईल हे ठाऊक नव्हतं.

तांदूळही बदलावा लागला. बासमतीचं पीठ सुटं पडतं. शेजारच्या चंदौलीचा आदमचिनी आखूड दाण्याचा आहे, पण त्याचा सुवास इतका की कांडी भाताची आठवण देत राहते. शेवटी विश्वेश्वरगंजच्या बाजारातला जाड, आखूड दाण्याचा नवा तांदूळ धरला. मोदकपात्रात वाफवायचा आणि दगडी खलात कुटायचा. कुटायला गच्चीवर एक मुलगा ठेवला होता. थंडीतही तो घामाघूम व्हायचा. ज्या दिवशी वाट्या चाटून पुसून परत यायला लागल्या त्या दिवशी मी त्याचा पगार वाढवला.

तोकबोक्कीच्या लाल रसाला लागणारं गोचुजांग मात्र मी कधी घरी केलं नाही. मिरचीपूड, चिकट तांदूळ, आंबवलेल्या सोयाबीनची पूड, सातूचा माल्ट आणि मीठ हे सगळं मातीच्या बरणीत उन्हापावसाचे कित्येक महिने मुरवावं लागतं. तिथे पूर्वी घरोघरी अशा बरण्या असायच्या. मी ते दिल्ली-गुरुग्रामच्या कोरियन किराणा दुकानांतून आणवायची, नाहीतर येणारी मुलं डबे घेऊन यायची. हंगाम संपत आला की डबाही संपत यायचा. मग रंगासाठी ब्याडगी मिरची वाढवायची, कारण तिला रंग भरपूर आणि तिखटपणा बेताचा, त्यांच्या मिरचीच्या बराच जवळचा. पण आंबलेल्या सोयाबीनची ती खोल चव ब्याडगीत कुठून येणार? डबा पुरता संपला की मी तोकबोक्की बंद करायची. टोमॅटो सॉस आणि गूळ घालून भागवणारी दुकानं आसपास होती. मला ते पटलं नाही, आजही पटत नाही.

मुळा हा काशीचा मोठा आधार. जौनपूरचा नेवार मुळा हातभर लांब आणि मांडीएवढा जाड होतो. तो नेमका हिवाळ्यात येतो, म्हणजे कोरियन मुलं येतात तेव्हाच. किम्बापमध्ये पिवळा गोड-आंबट मुळा लागतो. व्हिनेगर, साखर, मीठ आणि हळदीत लांब पट्ट्या बुडवून तो आम्ही बरण्या भरभरून घालायचो. त्याच मुळ्याच्या चौकोनी फोडींची किमचीही करायची, कारण तिकडच्या लांब पानांचा कोबी इथे भरवशाने मिळत नाही. किमची करताना ऋतू पाळावा लागतो. पौषात ती दोन-तीन दिवसांत हळूहळू आंबते आणि कुरकुरीत राहते. होळी झाली की एका रात्रीत फसफसून मऊ पडते. म्हणून होळीनंतर आमच्याकडे किमची मिळायची नाही. मागणारे नाराज व्हायचे. तिकडेही थंडी पडायला लागली की सगळं घर, शेजारीपाजारी एकत्र बसून वर्षाची किमची घालतात. त्या एकत्र किमची घालण्याच्या प्रथेला २०१३ साली युनेस्कोने मानवतेच्या वारशात स्थान दिलं. हा थंडीचा पदार्थ आहे आणि काशीचा उन्हाळा त्याला सोसत नाही, एवढंच मी मागणाऱ्यांना सांगायची.

होत्तोक सगळ्यांत लवकर जमला. यीस्टने फुगवलेल्या मैद्याच्या गोळ्यात ब्राउन शुगर, दालचिनी आणि दाण्याचा कूट भरायचा, तव्यावर तेलात टाकायचा आणि गोल दट्ट्याने दाबायचा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी चिनी व्यापाऱ्यांनी हा पदार्थ कोरियात आणला. तिथे तो कडाक्याच्या थंडीत रस्त्याच्या कडेला उभं राहून खातात. मी साखरेऐवजी नवा गूळ घातला. मुलांना तो आवडला, आणि नवल म्हणजे आमच्या गल्लीतल्या बायकाही घरच्या पोरांसाठी न्यायला लागल्या. बिंदेत्तोकने मात्र हाताची परीक्षा पाहिली. मुगाची डाळ भिजवून वाटायची आणि तव्यावर टाकायची, म्हणजे मराठी हाताला ते धिरडंच. धिरडं पातळ पसरायची इतकी सवय की पळी आपोआप गोल फिरायची. सोलच्या ग्वांगजांग बाजारात मात्र ते बोटभर जाड थापतात, भरपूर तेलात कडा कुरकुरीत होईपर्यंत तळतात आणि आतला भाग ओलसर ठेवतात. मोड आलेले मूग आणि आंबट किमची पिठातच घालतात. हात आवरायला शिकणं मला नवीन काही शिकण्यापेक्षा अवघड गेलं.

माशाच्या आकाराच्या बुंगोप्पांगसाठी एका विद्यार्थ्याने घरून साचा आणून दिला होता. आत लाल अडझुकी दाण्यांचं गोड सारण असतं. ते दाणे इथे नाहीत, म्हणून मी लाल चवळीचं पुरण केलं. चवळी त्याच कुळातली, चवही जवळची. पण आमच्या शाकाहारी शेजारणींना त्या आकाराची अडचण वाटायची. त्यांच्यासमोर मी तो मोडून आतलं पुरण दाखवायची, तरी काहींनी शेवटपर्यंत हात लावला नाही. मी आग्रह केला नाही.

काही पदार्थ मी केलेच नाहीत. आमच्या गल्लीपासून मदनपुऱ्याच्या विणकरांची वस्ती जवळ. मागावरचं रेशीम पाहून आलेला एक मुलगा विचारायला लागला की इथे रेशमाचे किडे उकडून विकत नाहीत का? त्याच्या लहानपणी शाळेबाहेर कागदाच्या पुड्यात ते मिळायचे. रेशीम काढल्यावर कोशातला उरलेला किडा टाकून कसा द्यायचा, म्हणून गरिबीच्या काळात ते खाणं रुजलं. मी त्याला सांगितलं की बनारसला रेशीम धागा होऊनच येतं, कर्नाटकातून आणि परदेशातून. कोश इथे येतच नाही. तो थोडा खट्टू झाला. पण त्या दिवशी मला उमगलं की त्यांच्या रस्त्यावरच्या खाण्यातलं बरंचसं टंचाईतून जन्मलेलं आहे, आणि हे मनात न ठेवता ते रांधणं म्हणजे वरवरची नक्कल.

हे पुरतं कळलं ते एका साठी ओलांडलेल्या बाईंमुळे. सारनाथला यात्रेला आल्या होत्या, मुलीबरोबर आमच्याकडे जेवायला आल्या. मी अभिमानाने तांदळाच्या कांड्यांची तोकबोक्की पुढे ठेवली. त्यांनी संपवली, छान म्हणाल्या, आणि मग मुलीकरवी विचारलं की मैद्याच्या कांड्या येतात का? मला वाटलं, ही स्वस्तातली नक्कल ह्यांना कशाला हवी? मग त्यांनी सांगितलं ते असं. कोरियातलं युद्ध थांबलं १९५३ साली. त्याच वर्षी सोलच्या सिंदांग-दोंगमध्ये मा बोक-रिम नावाच्या बाईंनी तिखट तोकबोक्की विकायला सुरुवात केली, असं मानतात. त्याआधी राजघराण्यात ती सोया सॉसमध्ये, मांस-भाज्या घालून, अजिबात तिखट नसलेली व्हायची. युद्धानंतर तांदूळ दुर्मिळ झाला. अमेरिकेकडून मदतीचा गहू यायचा. साठ-सत्तरच्या दशकांत सरकार सांगायचं की पिठाचं खा, भातात दुसरं धान्य मिसळा. शाळेत मास्तर डबे उघडून भातात सातू मिसळला आहे का पाहायचे. शाळेबाहेरच्या गाडीवर या बाईंनी खाल्लेली तोकबोक्की मैद्याची होती. तांदळाची कांडी त्यांच्यासाठी श्रीमंतांची होती, नंतरच्या चांगल्या दिवसांची.

त्या दुसऱ्या दिवशी सकाळी परत आल्या, पदर खोचावा तशा बाह्या सरसावल्या आणि माझ्या ओट्यावर मैदा मळायला बसल्या. मीठ, गरम पाणी, मळून झाल्यावर ओल्या कापडाखाली बराच वेळ विसावा, मग वळून वाफवणं. ही कांडी तांदळाच्या कांडीइतकी चिवट नसते. रस जास्त शोषते आणि जरा गुळगुळीत लागते. त्यांनी ती खाताना डोळे मिटले नाहीत, रडल्या नाहीत, काहीच नाही. फक्त दुसऱ्यांदा वाटी पुढे केली. त्यानंतर मी दोन्ही ठेवायला लागले. मुलं तांदळाची मागत, त्यांचे आईवडील पुष्कळदा मैद्याची. अस्सल कोणती, असं मला नंतर अनेकांनी विचारलं. मी सांगते, तुम्ही कोणत्या साली शाळेत होता ते आधी सांगा.

सारनाथच्या भिक्षूंचा अनुभव वेगळा. तिथे कोरियन मंदिर आहे, यात्रेकरूंचे गट येत असतात. त्यांच्या मठातल्या जेवणात लसूण, कांद्याची पात असे पाच उग्र पदार्थ चालत नाहीत. रस्त्यावरच्या कोरियन खाण्यातून लसूण काढला तर काय उरेल, अशी इतर स्वयंपाक्यांना धास्ती असायची. मला नव्हती. चातुर्मासात आमच्या घरात कांदा-लसूण कधी चढलाच नाही. सुकवलेली समुद्री पानं, भूछत्रं आणि मुळा उकळून मी पाणी काढायची, त्यात आलं आणि भाजलेल्या तिळाचं तेल. २०२३च्या फेब्रुवारीत दोन्ही देशांच्या राजनैतिक संबंधांना पन्नास वर्षं झाली म्हणून १०८ कोरियन यात्रेकरूंची पदयात्रा सारनाथहून निघाली. बुद्धाच्या वाटेने त्रेचाळीस दिवसांत अकराशे किलोमीटरहून जास्त चालून ती श्रावस्तीला संपायची होती. त्या दिवसांत काशीत पुन्हा कोरियन बोली ऐकू आली, आणि मला किती बरं वाटलं ते सांगता येत नाही.

कारण मधली वर्षं फार वाईट गेली होती. २०२०च्या मार्चमध्ये मुलं मिळेल त्या विमानाने परतली. हंगामाच्या जोरावर वर्ष काढणारा हा धंदा. एप्रिलपासून ऊन, ऑगस्टमध्ये गंगा चढली की घाट बुडतात आणि खालच्या गल्ल्यांत पाणी शिरतं, त्यामुळे वर्षातले जेमतेम चार-पाच महिने हाती असतात. ते चार-पाच महिनेच गेले. भाडं थकलं, कुटणारा मुलगा गावी गेला. मी घरी परत पोळी-भाजीचे डबे करायला लागले.

पुन्हा उघडलं तेव्हा गिऱ्हाईक बदललेलं होतं. घरात बसून सगळ्यांनी कोरियन मालिका पाहिल्या होत्या. २०२१च्या सप्टेंबरात ‘स्क्विड गेम’ आली आणि साखरेच्या त्या टिकलीचं, दालगोनाचं, वेड लागलं. आता शहरातल्या लंका भागाकडून, तिथल्या विद्यापीठातून मुली येतात. त्यांनी पदार्थ आधी पडद्यावर पाहिलेला असतो. कोरियन मुलं आठवणीशी ताडून बघायची, या मुली चित्राशी ताडून बघतात. चीज मागतात, ते मी देते, कारण सोलमध्येही तोकबोक्कीवर चीज घालतात. पण कांडी चावून पाहिल्यावर ‘काकू, ही शिजली नाही का?’ असं विचारणाऱ्याही पुष्कळ. आपल्या जिभेला मऊपणाची सवय. तेव्हा मऊ करून देणं सोपं होतं आणि खपही वाढला असता. मी दिली नाही. दुसरा घास खा, असं म्हणते. बहुतेक जणी खातात. काही परत येत नाहीत, आणि तो तोटा मी सोसते.

भाद्रपदात घरी मोदक होतात. कोरियात भाद्रपदाच्या, क्वचित आश्विनाच्या पौर्णिमेला सोंगप्योन करतात. तांदळाच्या उकडीचीच पारी, आत तीळ आणि मध किंवा मूग, आकार अर्धचंद्राचा, आणि वाफवताना खाली देवदाराच्या कुळातल्या पाइनच्या सुया. एका वर्षी दोन कोरियन मुली गणपतीत आमच्या दुर्गाघाटच्या घरी होत्या. मोदकाच्या पाकळ्या त्यांना जमल्या नाहीत, पण पारी त्यांची माझ्यापेक्षा पातळ झाली. आजी त्यांना शेजारी बसवून घेऊन ‘अगं, हळदीच्या पानावर ठेव’ असं मराठीतच सांगत होती, आणि त्या ठेवत होत्या.

तुम्हाला तोकबोक्की घरी करून पाहायची असेल तर विकतच्या कोरड्या तांदूळपिठीच्या वाटेला जाऊ नका. आखूड दाण्याचा तांदूळ रात्रभर भिजवा, निथळा आणि दमट असतानाच दळा. चिमूटभर मीठ घालून कापडात वीस-पंचवीस मिनिटं वाफवा, गरम असतानाच खलात कुटा, तेलाच्या हाताने कांड्या वळा. त्याच दिवशी खा. उरल्या तर फ्रीजरमध्ये ठेवा, खालच्या कप्प्यात नको. तिथे त्या एका रात्रीत कडक होऊन भेगाळतात. तशा झाल्याच तर रसात टाकण्याआधी अर्धा तास कोमट पाण्यात भिजवा.